ल्यूथरची तसबीर की प्रतिमा?

प्रश्न : सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने सुरू केलेल्या जर्मन धर्मसुधारणेवर लेख लिहिते आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या विद्वानांच्या चित्रांना 'ताम्रपट' म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद : नको. ताम्रपट म्हटलं की दानपत्र डोळ्यांसमोर येतं, आणि ते पत्र्यावरच वाचायचं असतं. इथे पत्रा उलटा कोरतात, रेघांत शाई भरतात आणि हाती कागद येतो. मिरजेला १८०५ साली भगवद्गीता अशीच तांब्याच्या पत्र्यांवरून छापली होती. 'ताम्रठसा' म्हणा. लाकडी ठशात न कोरलेला, उंच राहिलेला भाग उमटतो, तेव्हा दोन्हींना सरसकट 'कोरीवचित्र' म्हणू नका.

प्रतिसाद : ठशाचं ठरलं, पण चित्राला काय म्हणायचं? जर्मन चित्रकार लुकास क्रानाखचा १५२० मधला ताम्रठशातला ल्यूथर बघा. डोक्याचा मधला भाग भादरलेला, गालफडं वर आलेली, अंगावर ऑगस्टिनी पंथाच्या भिक्षूचा झगा. खालच्या लॅटिन ओळींचा आशय असा : आपल्या मनाच्या चिरंतन प्रतिमा ल्यूथर स्वतःच घडवतो, लुकास फक्त नश्वर चेहरा उमटवतो. ही झाली तसबीर, म्हणजे माणसाचं साधं चित्र. पुढच्याच वर्षी हान्स बाल्डुंग या चित्रकाराने लाकडी ठशात त्याच ल्यूथरच्या मागे प्रभावळ आणि वर पवित्र आत्म्याचं कबूतर आणलं. तिथे मात्र पूजेच्या चित्राला शोभणारं 'प्रतिमा'च हवं. लोक असली चित्रं विकत घेऊन त्यांचे मुके घेतात, अशी पोपचा दूत अलेआंदर याची तक्रार होती. संतपूजेवर तुटून पडलेल्या चळवळीच्या म्होरक्याची ही गत!

प्रतिसाद : चित्रकार ड्यूररचे १५२६ चे दोन ताम्रठसेही घ्या. ल्यूथरचा सहकारी मेलांख्थॉन याच्या चित्राखाली लिहिलंय की चेहरा रेखाटता आला, मन नाही. विद्वान इरॅस्मसच्या चित्रात त्याच्या मागे ग्रीक ओळ आहे : त्याचे ग्रंथ त्याला अधिक चांगलं दाखवतील. (इरॅस्मसला स्वतःला ते चित्र फारसं रुचलं नव्हतं. ड्यूररने त्याला समोर बसवून रेखाटलं होतं ते १५२० मध्ये!) चित्रांची पूजा होऊ नये म्हणून घेतलेली ही खबरदारी दिसते.

प्रतिसाद : एवढं ठाम म्हणू नका. इरॅस्मस काही ल्यूथरच्या पंथात गेला नाही, अखेरपर्यंत कॅथलिकच राहिला. शिवाय 'चित्रात मन येत नाही' हा जुन्या रोमन कवींचा संकेत आहे, आणि लॅटिन जाणणाऱ्या गिऱ्हाइकाला तो ओळखू येत असे. ल्यूथरच्या बाबतीत त्या संकेताला वेगळी धार चढली, इतपत मान्य.

प्रश्नकर्ती : मग क्रानाखसाठी 'तसबीर', बाल्डुंगसाठी 'प्रतिमा', आणि चित्रांखालच्या ओळी मराठीत पूर्ण देते.