शिकत असताना फोन आणि प्लॅन कसा निवडलात? (अनुभव धागा)

कढीलिंब:
माझी भाची सप्टेंबरात मास्टर्ससाठी जर्मनीला चालली आहे. आठ दिवस घरात एकच विषय: फोन इथून नवा न्यायचा, की तिकडे दोन वर्षांच्या करारावर घ्यायचा? तिने एका वहीत रकाने आखलेत, तिच्या बाबांनी दुसऱ्या, आणि दोघांची बेरीज काही जुळत नाही. मला विचारून उपयोग नाही. माझ्या वेळी हॉस्टेलखालच्या टपरीवर दहाचं रिचार्ज मारायचं आणि 'पोचले' सांगायला घरी एक मिस कॉल द्यायचा, एवढाच हिशेब होता.

तर विद्यार्थी असताना तुलना करून (किंवा न करता) फोन घेतलेल्यांनी लिहा. देश कुठलाही, साल कुठलंही. कंपन्यांची नावं घेऊन शिव्या नकोत, आकडे मात्र द्या.

रिकामा_डबा:
ताई, तुमच्या भाचीसाठी लगेच लिहितो, कारण मी नेमकं तेच केलं होतं. 2018 चा ऑक्टोबर, जर्मनीतलं आखन. दुकानाच्या काचेवर फोनची किंमत लिहिलेली: 1 युरो. आपण एक युरोला चहासुद्धा घेताना विचार करतो, आणि इथे फोन! आत गेलो. महिना 39.99, मुदत 24 महिने, सुरुवातीला जोडणीचे म्हणून आणखी 39.99. तिथे उभ्या उभ्या गुणाकार केला असता तर हजार युरो होतात हे कळलं असतं. तोच फोन बाहेर सुटा चारशेला मिळत होता. सुपरमार्केटातलं प्रीपेड सिम चार आठवड्यांना दहाएक युरो, म्हणजे दोन वर्षांत 26 रिचार्ज, 260 युरो. फरक 340 चा. माझं जवळजवळ दीड महिन्याचं खोलीभाडं.

खरी मजा पुढे. करार संपवायचा तर मुदतीच्या तीन महिने आधी लेखी कळवायला हवं होतं. याला तिकडे 'क्युंडिगुंग' म्हणतात. जर्मनीतल्या मराठी पोरांना 'डांके'नंतर हाच शब्द आधी पाठ होतो. मला तो उशिरा पाठ झाला. पत्र टाकलं ऑगस्टमध्ये, मुदत गेली होती जुलैत. उत्तर आलं की करार 12 महिन्यांनी वाढला आहे. ते 2020 साल. पुढचं वर्षभर मी खोलीत वायफायवर थीसिस लिहीत बसलो होतो आणि मोबाइलच्या डेटाचे पैसे भरत होतो. फोन फिटला म्हणून हप्ता कमी झाला, असंही नाही. तेच 39.99.

आता कायदा बदललाय. 1 डिसेंबर 2021 पासून पहिली मुदत संपली की एक महिन्याची सूचना देऊन केव्हाही सुटता येतं. पण पहिले 24 महिने तसेच आहेत, हे भाचीला सांगा.

संत्रा_बर्फी:
नागपूर, 2008. आमची तुलना एकाच गोष्टीची: कुठल्या पॅकात किती एसएमएस फुकट. मात्र सणाच्या दिवशी पॅक चालायचा नाही, एकेका एसएमएसला रुपया कटायचा. म्हणून आमच्या हॉस्टेलचे समस्त 'तिळगूळ घ्या' आदल्या रात्री बाराच्या आत रवाना! 2009 मध्ये सेकंदाला एक पैसा दर आला तेव्हा 'खाली ये' एवढं बोलून कट करायची शर्यत लागायची. माझा विक्रम तीन पैशांचा आहे.

दोन_सिम:
टेक्सस, 2012. इथून नेलेला साधा फोन 900 आणि 1800 या दोनच बँडचा (लहरींच्या पट्ट्यांचा) होता आणि अमेरिकेत तसल्या फोनचं नेटवर्क, म्हणजे जीएसएम, चालायचं 850 आणि 1900 वर. विमानतळावर उतरल्यापासून तो बिचारा नेटवर्क शोधतच बसला, शेवटी त्याचं गजराचं घड्याळ केलं.

तिकडे तेव्हा नवा आयफोन 5 दोन वर्षांच्या करारावर 199 डॉलरला आणि सुटा 649 ला होता. मला दोन्ही अशक्य. सोशल सिक्युरिटी नंबर (तिकडचा सरकारी ओळख क्रमांक) नाही, पत नाही, म्हणून दुकानदाराने एका लाइनला 500 डॉलर अनामत मागितली. मग सगळे देसी करतात तेच केलं. कॅम्पसवर काम करणाऱ्या एका सिनियर मुलीकडे तो नंबर होता, तिच्या नावावर फॅमिली प्लॅन, आणि त्या 'फॅमिली'त आम्ही पाच जण: दोन मराठी, दोन तेलुगू, एक नेपाळी. दर महिन्याला फ्रिजवर बिल चिकटवलेलं असायचं, ज्याने पैसे दिले त्याच्या नावापुढे टिक.

मे महिन्यात तिला दुसऱ्या राज्यात नोकरी लागली. तिला प्लॅन मोडायचा होता, पण मुदतीआधी मोडायचा तर दर लाइनला तीनशे डॉलरच्या वर दंड. दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. शेवटी ऑगस्टमध्ये येणाऱ्या ज्युनियरांच्या गळ्यात त्या लाइन मारल्या, नंबरासकट. मलासुद्धा माझा नंबर असाच वारशाने आलेला होता. आधीच्या मालकिणीच्या दंतवैद्याकडून वर्षभर मला आठवण यायची की दात साफ करून घ्या.

पेठकर_नव्हे:
पुणे, 2023, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. फोन 17,999. 'नो कॉस्ट ईएमआय' सहा महिने, कार्ड बाबांचं. स्टेटमेंट आल्यावर कळलं की व्याज सवलत म्हणून परत दिलं तरी त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आपणच भरायचा. तो 140 च्या आसपास, शिवाय प्रोसेसिंग फी 199 आणि तिच्यावरही जीएसटी. एकरकमी भरले असते तर 1,500 सूट होती, ती गेलीच. बाबा काही बोलले नाहीत. फक्त पेनने त्या ओळीखाली रेघ मारून कागद माझ्या टेबलावर ठेवला.

धाकट्या भावाच्या वेळी मी शहाणा झालो. पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत फिरून जुना फोन घेतला, पण मूळ बिल आणि खोका असलेलाच. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आलेला आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, खोक्याशी जुळवून पाहिला.

प्लॅनचं गणित आजीला समजावत होतो: 28 दिवसांचा महिना, म्हणून वर्षाला 12 नाही, 13 रिचार्ज. आजी म्हणाली, "अरे, चांद्रमाससुद्धा साडेएकोणतीस दिवसांचा असतो!" 2022 मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामकाने) प्रत्येक कंपनीला निदान एक तरी 30 दिवसांचा प्लॅन ठेवायला लावलाय, पण तो मागितल्याशिवाय कोणी दाखवत नाही.

ओला_छत्रीवाला:
लीड्स (इंग्लंड), 2022. महिना 32 पौंड, 24 महिने. एप्रिल 2023 ला बिल 36.61. फोन केला तर म्हणाले, महागाईचा दर 10.5 अधिक 3.9, मिळून 14.4 टक्के वाढ, करारात लिहिलंय. लिहिलेलं होतंच, मीच दुसऱ्या पानापर्यंत पोचलो नव्हतो. 17 जानेवारी 2025 पासून नव्या करारांत वाढ किती ते आधीच पौंड-पेन्समध्ये सांगावं लागतं.

सातारी_कंदी:
सगळे तिकडच्या सिमबद्दल लिहिताय, इथल्या नंबराचं काय? बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. माझं रिचार्ज राहिलं, नंबर गेला, आणि आईला साताऱ्याच्या शाखेत चार चकरा माराव्या लागल्या. भाचीला म्हणावं, आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्याआधी इथूनच सुरू करून घे आणि सर्वांत स्वस्त रिचार्ज चालू ठेव.

कढीलिंब:
सगळ्यांचे आभार, दोन्ही वह्या बंद झाल्या. भाची जुनाच फोन नेतेय, त्यात दोन सिमची सोय आहे. स्क्रीनला तडा गेलाय, तो बदलायचे 2,300 सांगितलेत. तिकडे प्रीपेड घेईल. इथल्या नंबराचं खातं बाबांकडे. कालपासून ते कालनिर्णय पुढ्यात घेऊन दर 28 दिवसांनी लाल गोल करत बसलेत, आणि आता पुढच्या वर्षीचं कधी येतं म्हणून विचारताहेत.