माइक इव्हान्सचा करार आत्ताच वाढवावा का?

मूळ मत (टँपावासी), ऑगस्ट २०२५

अमेरिकन फुटबॉलमधल्या टँपा बे बकनिअर्स संघाचा रिसीव्हर, म्हणजे पास झेलून चेंडू पुढे नेणारा खेळाडू, माइक इव्हान्स या महिन्यात बत्तीस वर्षांचा होत आहे आणि मार्च २०२४ मध्ये त्याने केलेला दोन वर्षांचा, ५ कोटी २० लाख डॉलरपर्यंतचा करार याच हंगामाअखेर संपतो. हंगाम सुरू होण्याआधीच संघाने तो वाढवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०१४ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) सातव्या क्रमांकावर निवडला गेल्यापासून या खेळाडूने एकही हंगाम झेलांवर मिळवलेल्या हजार यार्ड अंतराच्या आत संपवलेला नाही. सलग अकरा हंगामांचा हा विक्रम त्याच्याआधी फक्त जुन्या काळातला महान रिसीव्हर जेरी राइस याच्या नावावर होता. गेल्या वर्षी हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) दुखावल्याने तीन सामने हुकले, तरी १४ सामन्यांत त्याने ७४ झेल, १,००४ यार्ड आणि ११ टचडाउन केले.

५ जानेवारीला न्यू ऑर्लिन्स सेंट्सविरुद्धच्या शेवटच्या साखळी सामन्याला मी मुलीला घेऊन रेमंड जेम्स स्टेडियमवर गेलो होतो. हजारी गाठायला इव्हान्सला त्या दिवशी ८५ यार्ड हवे होते आणि मुलगी ते बोटांवर मोजत होती. २७-१९ अशी आघाडी होती, जेमतेम अर्धे मिनिट उरले होते आणि पाच यार्ड कमी पडत होते. अशा वेळी क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा खेळाडू, चेंडू घेऊन गुडघा टेकतो आणि घड्याळ संपू देतो. पण आमचा क्वार्टरबॅक बेकर मेफिल्डने पास फेकला, इव्हान्सने तो झेलून नऊ यार्ड मिळवले आणि बाहेर उभे असलेले सगळे सहकारी त्याच्याकडे धावत सुटले. ज्या खेळाडूसाठी अख्खा संघ असा धावतो, त्याची किंमत फक्त यार्डांत होत नाही.

तरीही माझा मुद्दा भावनेचा नाही. इव्हान्सचा खेळ वेगावर कधीच उभा नव्हता. साडेसहा फुटांच्या आसपासची उंची, बचावपटूला पाठीशी धरून उडी घेण्याची कला आणि चेंडू हवेत असताना जागा राखण्याची समज ही त्याची खरी पुंजी आहे, आणि ती वयाबरोबर इतक्या लवकर झिजत नाही.

उत्तर (हिशेबी)

इव्हान्सबद्दल मला आपल्याइतकाच आदर आहे, पण मी सहमत होऊ शकत नाही. गेल्या अकरा वर्षांचे मोल संघाने वेळोवेळी चुकते केले आहे. शेवटच्या त्या झेलाबरोबरही त्याला ३० लाख डॉलरचा बोनस मिळाला. आता प्रश्न २०२६ चा आहे.

सही करताना दिलेला बोनस खेळाडूच्या हाती लगेच पडतो, पण सॅलरी कॅपच्या, म्हणजे संघाला खेळाडूंवर वर्षभरात करता येणाऱ्या खर्चाच्या मर्यादेच्या, हिशेबात तो जास्तीत जास्त पाच वर्षांवर विभागला जातो, आणि खेळाडूला मधेच मोकळे केले की उरलेली रक्कम संघाच्या अंगावर येते. यंदाची मर्यादा २७ कोटी ९२ लाख डॉलर आहे, म्हणून पैसा मुबलक आहे असे वाटते; प्रत्यक्षात न खेळणाऱ्या माणसाच्या नावे अडकलेला प्रत्येक डॉलर बचावफळीतून कापला जातो.

उदाहरणे ताजी आहेत. अटलांटाने सप्टेंबर २०१९ मध्ये तीस वर्षांच्या रिसीव्हर हुलिओ जोन्सचा करार तीन वर्षांनी, ६ कोटी ६० लाखांना वाढवला. पुढच्याच वर्षी तो नऊ सामने खेळू शकला, २०२१ च्या जूनमध्ये त्याला टेनेसीच्या संघाला द्यावे लागले आणि तिथे त्या हंगामात त्याचे अवघे ४३४ यार्ड झाले. रॅम्स संघाचा रिसीव्हर कूपर कप याचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. २०२१ मध्ये १४५ झेल आणि १,९४७ यार्ड, पाठोपाठ सुपर बोलचा (हंगामाच्या अंतिम सामन्याचा) सर्वोत्कृष्ट खेळाडू, जून २०२२ मध्ये करारात भरघोस वाढ. आणि त्यानंतरच्या तीन हंगामांत ९, १२ आणि १२ सामने. यंदा मार्चमध्ये रॅम्सने त्याला मोकळे केले. तिथे उणीव कलेची नव्हती, शरीराने साथ सोडली होती. इव्हान्सची समज टिकेल हे मान्य, पण उडी घ्यायला मांडीच लागते, आणि हॅमस्ट्रिंगचे दुखणे परतण्यासाठी कुप्रसिद्ध आहे.

शिवाय बकनिअर्सने मार्चमध्ये दुसरा रिसीव्हर ख्रिस गॉडविनला तीन वर्षांसाठी ६ कोटी ६० लाख देऊ केले आणि एप्रिलमध्ये ड्राफ्टच्या पहिल्याच फेरीत नवा रिसीव्हर एमेका एगबुकाला घेतले. पुढची तजवीज झालेली आहे.

उत्तर (टँपावासी)

आपण रॅम्सचे उदाहरण अर्ध्यावर सोडले. एकतीस वर्षांच्या कपला सोडताना त्याच रॅम्सने बत्तीस वर्षांच्या रिसीव्हर दावान्ते अॅडम्सशी दोन वर्षांचा, ४ कोटी ४० लाखांचा करार केला. म्हणजे त्यांनी वय पाहिले नाही, माणूस पाहिला. जेरी राइसलाही २००१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने अडतिसाव्या वर्षी सोडले. ओकलंडसाठी त्याने त्या हंगामात १,१३९ आणि पुढच्या हंगामात १,२११ यार्ड केले आणि संघासोबत सुपर बोलही गाठला.

गॉडविनचा घोटा गेल्या ऑक्टोबरमध्ये निखळला होता आणि एगबुका अजून एकही अधिकृत सामना खेळलेला नाही. अशा दोघांच्या भरवशावर इव्हान्सला मार्चमध्ये बाजारात उभे करणे हा मला मोठा जुगार वाटतो.

उत्तर (जुना प्रेक्षक)

राइसचे उदाहरण कुणासाठीही देऊ नये, असे मी नम्रपणे सुचवेन. तसा दुसरा झाला नाही. मात्र वाद ‘वाढवावा की नाही’ यापेक्षा ‘किती’ याचा आहे. फक्त २०२६ चे एक वर्ष, हमीची रक्कम त्याच वर्षापुरती आणि बोनस कॅपमध्ये विभागता यावा म्हणून पुढे जोडली जाणारी नाममात्र वर्षे अजिबात नकोत, असा करार असेल तर माझी हरकत नाही.

उत्तर (हिशेबी)

तेवढ्यावर थांबणार असतील तर मीही विरोध मागे घेईन. पण सही ऑक्टोबरनंतर व्हावी, निदान सहा-सात सामने त्या मांडीने सोसलेले दिसल्यावर.

उत्तर (टँपावासी)

तोवर तो तिनातल्या दोन सामन्यांत शंभर यार्ड करू लागला, तर हाच करार आपल्याला दीडपट महाग पडेल. मी आजच सही करीन.