पद्मिनीचे पुढचे बुश: गणपतीआधी बसवले, शिमग्याला फाटले

हर्णैवाला
नमस्कार मंडळी. वडिलांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी दापोली-हर्णै रस्त्यावर अजून रोज धावते. लोअर आर्मचे (चाक धरणारा खालचा दांडा) रबरी बुश, म्हणजे सांध्यातल्या दोन नळ्यांमधलं रबर, गणपतीआधी एका गॅरेजात नवे घातले. सुरुवातीला गाडी पुढून जराशी उंच दिसायची, मग बसली. शिमग्याच्या सुमारास पुन्हा तोच आवाज. खड्ड्यात चाक उतरलं की टक्, ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. खाली झोपून पाहिलं तर डाव्या बुशाचं रबर नळीपासून सुटलंय, पहारीने रेटलं की आर्म मागेपुढे होतो. माल नकली की कामात खोट? पॉलियुरेथेनचे (कडक प्लास्टिकसारखे) घालू का?

लांज्याचा लेथवाला
दादा, "पुढून उंच दिसायची" इथेच उत्तर आहे. गाडी घोडीवर (स्टँडवर) उचललेली आणि चाकं लोंबकळत असतानाच नट आवळलेत.

हा बुश फिरत नाही. बाहेरची नळी आर्ममध्ये घट्ट, आतली नळी नटाने पिनेवर (आर्म गाडीला जोडणारा लोखंडी दांडा) आवळलेली, आणि मधलं रबर नुसतं पीळ खातं. आर्म खाली झुकलेला असताना आवळलं की रबर त्याच जागी मोकळं राहतं. गाडी जमिनीवर आली की उभ्या उभ्याच रबराला पीळ, वर आपले खड्डे. अस्सल माल असता तरी फाटला असता.

उजवा बुश अजून शाबूत असेल तर खात्री करा. गाडी चाकांवर उभी ठेवून पिनेच्या टोकावर आणि वॉशरवर खडूची एक सरळ रेघ मारा, मग नट सैल करा. रेघ सरकली तर पीळ होताच.

आपल्याकडे खरा घाम निघतो तो काढताना. खाऱ्या वाऱ्याने आतली नळी आणि पिन गंजून एकजीव होतात. आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. पुढे कॉइल स्प्रिंग आहे, ती दाबून धरायच्या क्लॅम्पशिवाय आर्म सोडू नका, जीवावर बेतेल. अडकलेल्या बुशाला गॅस लावू नका. रबर काढून बाहेरची नळी हॅक्सॉच्या पात्याने आतून कापा. आर्मच्या भोकाला पातं लागायच्या आत थांबा, तेवढ्यानेही नळी सैल पडते.

नवा बुश हातोडीने नको. भोक पॉलिश पेपरने साफ करून प्रेसवर घ्या. प्रेस नसेल तर लांब बोल्ट, जाड वॉशर आणि पाइपचा तुकडा पुरतो, पण पाइप बाहेरच्या नळीच्या काठावरच टेकला पाहिजे. जोर आतल्या नळीवर गेला तर रबर तिथेच उखडतं. साबणाचं पाणी लावा, ग्रीस किंवा डिझेल नाही. नट आधी हलके लावा. चाकं चढवून गाडी खाली घ्या, पुढून दाबून सोडा, थोडी पुढे-मागे ढकला, आणि मगच शेवटचं आवळा. खाली शिरायला जागा कमी पडली तर चारही चाकांखाली सारख्या जाडीच्या फळ्या घाला. वजन चाकांवरच हवं.

पावसाळ्याआधी गाडीखाली जळकं ऑइल मारायची इकडे पद्धत आहे. बुशांना कापड गुंडाळल्याशिवाय मारू देऊ नका, तेलाने रबर फुगून मऊ पडतं.

कुडाळची अँबेसेडर
काकांशी सहमत. माझ्या गाडीला पुढे टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) आहे, कॉइल स्प्रिंग नाही, पण आवळायचा नियम तोच. पॉलियुरेथेनबद्दल सांगते: टिकतं, पण कडक असतं, रस्त्याचा धक्का सरळ स्टिअरिंगपर्यंत येतो, आणि त्याचं वेगळं ग्रीस लागतं. ते धुऊन गेलं की कुरकुर सुरू. रोजच्या गाडीला रबरच घाला, दोन्ही बाजूंना एकदम. पिनेमागे पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) निघाल्या तर कुठून किती निघाल्या ते लिहून ठेवा, नाहीतर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बिघडेल. काम झाल्यावर अलाइनमेंट हवंच.

हर्णैवाला
काका, आज अंगणातच उजवा नट सोडला. पाना अर्धा फेरा फिरला आणि वॉशर झटक्याने सरकला, दोन रेघांत जवळजवळ बोटभर अंतर. दोन्ही बाजूंचे रबरी बुश मागवतोय. प्रेस चिपळूणला एका ओळखीच्याकडे आहे, आर्म तिथे नेईन, शेवटचं आवळणं मात्र घरीच.

लांज्याचा लेथवाला
उत्तम. पिनेवर बोट फिरवून पाहा. गंजाने खड्डे पडले असतील तर पिनही बदला, नाहीतर नवी नळी तिच्यावर हलत राहील.