पावणेचार सेकंदांसाठी कुठवर गेलात? (अनुभव धागा : ड्रॅग रेसिंग प्रत्यक्ष पाहताना)

मंजिष्ठा, खामला

गेल्या वर्षी नोव्हेंबरात मुलाकडे लॉस एंजेलिसला होते. रविवारी म्हणाला, "आई, रेस बघायला येतेस?" मला वाटलं, गोल गोल फिरणाऱ्या गाड्या असतील, दोन तास चालेल. विणकाम घेऊन गेले.

पोमोनाला पोचल्यावर कळलं की इथे वळणच नाही. सरळ पट्टा, शेजारी शेजारी दोन गाड्या, अंतर १,००० फूट म्हणजे ३०५ मीटर. बर्डीच्या मेन रोडवर एवढं चालायला मला पंधरा मिनिटं लागतात, त्यात दोन दुकानं होतात. टॉप फ्युएल नावाच्या गाड्या ते पावणेचार सेकंदांच्या आत कापतात आणि शेवटाला ताशी ५३० किलोमीटरच्या आसपास असतात. मुलाने हे सांगितलं तेव्हा मी "बरं" म्हणाले. आकड्याने काही वाटत नाही हो.

त्याने आधी कानात फोमचे बोळे घालायला लावले, वर मोठे मफ. दोन्ही हवेतच, एकाने भागत नाही. गाड्यांनी चाकं जागच्या जागी फिरवून धुराचा लोट काढला, पुन्हा मागे आल्या, इंचाइंचाने रेषेपाशी सरकल्या. खांबावरचे पिवळे दिवे एकदम लागले, ०.४ सेकंदांनी हिरवा. आणि कुणीतरी दोन्ही हातांनी छातीवर ढकलल्यासारखं झालं. आवाज ऐकला असं म्हणताच येणार नाही. तो बाकड्यातून पायांत आला, बरगड्यांत शिरला, डोळ्यांपुढचं चित्रच हललं. मी मान वळवेपर्यंत दोघांची वेग आवरायची पॅराशूट उघडली होती. कोण जिंकलं ते पाहिलंच नाही. सुईवरचे टाके सुटले होते.

मग शेजारच्या आजींशी गप्पा झाल्या. इथे बायकांचा वेगळा गट नसतो, पुरुषांशीच लढत. शर्ली मल्डाउनी या बाईंनी १९७७, १९८० आणि १९८२ साली टॉप फ्युएलचं विजेतेपद मिळवलं, ते आजींनी असं सांगितलं जणू घरच्याच लेकीचं कौतुक. पुढे ब्रिटनी फोर्सने २०१७ आणि २०२२ मध्ये मिळवलं.

तुमच्यापैकी कुणी पाहिलंय का? कुठेही, कुठलंही. लिहा.

तर्रीपोहे

इंग्लंडमध्ये दोन वर्षं नोकरीला होतो तेव्हा सँटा पॉडला गेलो. दुसऱ्या महायुद्धातली विमानांची धावपट्टी, १९६६ पासून तिच्यावर ड्रॅग रेसिंग. मे महिन्याचा शेवट. इकडे नागपुरात त्या दिवशी ४५, तिकडे मी दोन स्वेटर घालून चिखलात.

पाऊस आला. पट्ट्यावर चिकट द्रव फवारलेला असतो, वर रबराचा थर. कोरडा असला की चालताना बूट धरून ठेवतो, ओला झाला की बर्फ. त्यामुळे चार थेंब पडले तरी सगळं बंद. मग वाळवणाऱ्या गाड्या फिरतात, जरा वाळतं, पुन्हा ढग. सहा तासांत मी टॉप फ्युएलची एकच जोडी पाहिली, म्हणजे हिशेबाने चार सेकंद. तिकिटाचे पैसे आणि रेल्वेभाडं मोजून सेकंदाचा दर काढला होता, बायकोला अजून सांगितलेला नाही.

पण पिट, म्हणजे गाड्या उघडून दुरुस्त करायची जागा! ते मंजिष्ठाताईंनी लिहिलंच नाही. प्रेक्षकांना आत जाऊ देतात. तुमच्यापासून हातभर अंतरावर आठ-दहा जण अख्खं इंजिन उघडतात. प्रत्येक धावेनंतर. पिस्टन तपासायचे, क्लचच्या चकत्या बदलायच्या, तासाभरात जोडून तयार. ८.२ लिटरचं व्ही ८, ताकद ११,००० अश्वशक्तीच्या घरात. इंधनात नव्वद टक्के नायट्रोमिथेन. ते स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतं, म्हणून तेवढ्याच हवेत पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त जाळता येतं. एका फेरीला, बर्नआउट (आधी चाकं फिरवून धूर काढतात ते) धरून, पन्नासेक लिटर खलास.

जोडून झालं की तिथेच चालू करून बघतात. हौशीने अगदी पुढे उभा राहिलो. भिवापुरी मिरची कुटताना खलबत्त्यावर तोंड धरलं तर जे होईल ते झालं. डोळे, नाक, घसा, सगळं वाहत होतं. आजूबाजूला सगळे रडत होते आणि हसत होते.

बेसा_टू_स्ट्रोक

एवढं विमानाने जायला नको. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर होतात की. आम्ही चार पोट्टे रात्रीच्या बसने पुण्याला, तिथून पुढे. एकाची जुनी आरएक्स बाइक आधीच टेम्पोने पाठवली होती.

तिथली मजा वेगळी. एका रांगेत कोटीच्या गाड्या, दुसऱ्या रांगेत कुणाची तरी पंचवीस वर्षांची झेन, आतून काय काय केलेली. अंतर पाव मैल, ४०२ मीटर. आमच्या मित्राने सहा महिने कार्बोरेटरशी झटून गाडी आणली आणि हिरव्याच्या आधीच सुटला. लाल दिवा. बाद. तीन महिने बोलला नाही आमच्याशी, जसं काही दिवा आम्ही लावला.

नवख्यांसाठी एक गोष्ट. घड्याळ गाडी हलल्यावर सुरू होतं, दिवा लागल्यावर नाही. म्हणून कमी वेळ लागलेला गडीसुद्धा हरतो, कारण समोरचा आधी सुटलेला असतो. हे कळलं की नजर गाडीवरून दिव्यावर जाते, आणि मग खरं बघणं सुरू होतं.

धुरकरी

ताई, तुम्ही सांगून राहिल्या ते वाचून मले पट आठवला. काहून हसता? शंकरपट म्हंजे दुसरं काय आहे? सरळ दाण म्हंजे धावायची वाट, बैलांची जोडी, सेकंदावर निकाल. तळेगाव दशासरले आबाजीच्या खांद्यावर बसून पाहिला. जोडी सुटली की पायाखालची माती धडधडते, तुमच्या त्या बाकड्यासारखी. आणि डोळा मिटला की गेली. माणसं शंभर कोसावरून येत, पाहत किती? काही सेकंद. २०१४ साली कोर्टानं बंद केला, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी आली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं कायदा उचलून धरला. मधल्या सात वर्षांत आमचा गोऱ्हा म्हातारा होऊन गेला.

सावली_रामदासपेठ

धुरकरीभाऊ, इंजिनाला चाबूक लागत नाही, एवढा फरक राहू द्या. बाकी पटलं.

मी एकही रेस पाहिलेली नाही. रात्री फुटाळा तलावाच्या रस्त्याकडून बाइकचा आवाज आला की मुलाच्या खोलीत डोकावते, एवढाच माझा अनुभव. एक विचारायचंय. तिकडे एवढ्या वेगात काही झालं तर?

तर्रीपोहे

होतं. आधी सगळे पाव मैलच धावायचे. जून २००८ मध्ये न्यू जर्सीतल्या इंगलिशटाउनला स्कॉट कॅलिटा हे रेसर अपघातात दगावले, त्यानंतर सर्वांत वेगवान गटांचं अंतर १,००० फुटांवर आणलं, थांबायला जागा मिळावी म्हणून. ते पट्ट्यावर, दोन्ही बाजूंना भिंती, अग्निशमनाची गाडी, अँब्युलन्स उभी असताना. फुटाळ्यावर समोरून आइसक्रीमची गाडी येते. पोट्ट्याला एकदा खरी रेस दाखवा. रस्त्यावरची त्याला आपोआप फिकी वाटेल. (माझ्या भाच्याला वाटली. खात्री देत नाही.)

मंजिष्ठा, खामला

पिटचं राहिलंच, खरं आहे. जळालेले पिस्टन तिथे विकायला ठेवतात. मुलाने एक घेऊन दिला, वर बोटभर खड्डा पडलेला. येताना विमानतळावर तो बॅगेतून काढून तीन जणांनी उलटापालटा करून पाहिला. मी सांगितलं, "गाडीचा आहे." "कुठल्या गाडीचा?" आता काय सांगणार.

सध्या देवघराशेजारी आहे, उलटा ठेवला की उदबत्तीची राख छान मावते. कामाच्या मावशी दर शनिवारी चिंच लावून घासतात. काळा डाग काही जात नाही.