विषय: गणिताची घसरण कोविडमुळेच का?

मंडळी, नमस्कार.

परवाच्या चर्चेत बहुतेकांनी सगळा दोष कोविडवर टाकला. 'पिसा'चे, म्हणजे दर काही वर्षांनी अनेक देशांतल्या १५ वर्षांच्या मुलांची जी चाचणी होते तिचे, आकडे पाहिले तर पटतंही. २०२२ मध्ये ओईसीडी (बहुतांशी विकसित देशांची संघटना) देशांची गणिताची सरासरी २०१८ पेक्षा साधारण १५ गुणांनी खाली आली. एका फेरीत एवढी पडझड त्याआधी कधी झाली नव्हती. आता शाळा सुरू आहेत, म्हणजे हळूहळू भरून निघेल ना? ताई, तुम्ही इतकी वर्षं गणित शिकवलंत, तुमचं काय मत?

---

उत्तर: गणिताची घसरण कोविडमुळेच का?

दादा,

आपोआप भरून निघेल असं मला वाटत नाही, कारण उतार आधीच लागला होता. फिनलंडचं गणित बघा: २००३ मध्ये ५४४, २०१८ मध्ये ५०७, २०२२ मध्ये ४८४. गेलेल्या ६० गुणांपैकी ३७ गुण शाळा नीट चालू असतानाच गेले. आणि याच काळात जगभरचे शिक्षक तिथल्या शाळा पाहायला जात होते! अमेरिकेत १३ वर्षांच्या मुलांची 'नेप' ही दीर्घकालीन चाचणी १९७० च्या दशकापासून होते. तिथलं गणित चढत चढत २०१२ मध्ये २८५ वर पोचलं, साथीच्या तोंडावर २८० झालं आणि २०२३ मध्ये २७१.

माझा जीव सरासरीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीत अडकतो. २०१२ पासून साथ येईपर्यंत अमेरिकेतली वरच्या टोकाची मुलं जवळपास होती तिथेच राहिली. घसरली ती तळाची. 'पिसा'त सिंगापूर पहिलं आलं एवढंच छापून येतं, आणि ही मुलं क्रमवारीत कुठेच दिसत नाहीत.

पोलंड उलट दिशेने गेला. १९९९ मध्ये त्यांनी मुलांना वेगवेगळ्या शाखांत वाटणं एक वर्ष पुढे ढकललं, म्हणजे सगळी मुलं एकत्र जास्त काळ शिकली. 'पिसा'च्या वाचन चाचणीत २००० साली ४७९ गुण होते, २०१२ मध्ये ५१८. सगळं श्रेय त्या एका निर्णयाला देणार नाही, पण सुरुवातीची मोठी उडी कच्च्या मुलांनी घेतली, हे मी विसरू शकत नाही.

---

ताई, मग मोबाइलचं काय? २०१२ च्या आसपासच ते मुलांच्या हातात आले.

---

वाटा असेलही, दादा. पण फिनलंडचे २२ गुण २००९ ते २०१२ या तीन वर्षांतच गेले, तेव्हा स्मार्टफोन नुकते पसरत होते. अहवाल उघडाल तेव्हा क्रमवारी सोडा, आधी दहाव्या शतमकाचा, म्हणजे ज्या गुणांच्या खाली तळाची दहा टक्के मुलं येतात त्यांचा, तक्ता बघा. मग पुढचं बोलू.