मदत हवी आहे: तीन-तीन संघांचे गट आणि ५-२-१-० गुण, मुलांच्या हॉकी स्पर्धेत चालतील का?

सेंटरहाफ_खडकी

नमस्कार मंडळी,

आम्ही काही जण मिळून १४ वर्षांखालच्या मुलांची हॉकी स्पर्धा भरवतो. शनिवार-रविवार, एकच टर्फ, १२ संघ. स्कोअरशीट आणि गुणतक्ता माझ्याकडे असतो. गेल्या वर्षी तीन संघांचा एक असे चार गट पाडले होते आणि प्रत्येक गटातले पहिले दोन संघ उपांत्यपूर्व फेरीत जाणार होते. जिंकल्यास ३ गुण, बरोबरीत १. एका गटात जे घडलं ते अजून डोक्यातून जात नाही. संघांची नावं देत नाही, जर्सीच्या रंगांवरून सांगतो.

पहिला सामना: लाल ४, पिवळा १.
दुसरा सामना: पिवळा १, निळा ०.
तिसरा सामना लाल विरुद्ध निळा. लाल संघ एका गोलने हरला तरी पुढे जाणार होता. निळ्यांना कसंही करून जिंकायचंच होतं. निळ्यांनी तिसऱ्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवर गोल केला आणि पुढे सगळा वेळ लाल संघाच्या मुलांनी चेंडू आपल्याच पंचवीस यार्डांत इकडून तिकडे फिरवला. निळ्यांनीही चेंडू काढून घ्यायचा प्रयत्न केला नाही. निकाल १-०. तिन्ही संघांचे गुण ३-३, गोलफरक लाल +२, निळा ०, पिवळा -२. पिवळा संघ बाहेर.

पिवळ्यांची मुलं कुंपणाला धरून सामना बघत होती. शिट्टी वाजल्यावर त्यांचा गोलकीपर माझ्या टेबलाशी आला. पायाला पॅड तसेच होते. "काका, आम्ही एक मॅच जिंकलोय ना?" असं विचारलं. मी त्याला तक्ता दाखवला. त्याने बोट ठेवून बेरीज केली आणि गेला. नियम कुणीच मोडला नव्हता, त्यामुळे पंचांनाही काही करता आलं नाही.

तेव्हापासून शोधतोय. युरोपातल्या क्लबांच्या युरो हॉकी लीगचा पहिला हंगाम, २००७-०८, अगदी असाच होता: २४ क्लब, तिघांचे ८ गट, प्रत्येकातले दोन बाद फेरीत. गुण मात्र वेगळे होते. विजयाला ५, बरोबरीला २, एक-दोन गोलने हरलात तर १, तीन किंवा जास्त गोलने हरलात तर ०. शेवटी ऊलेनहॉर्स्टने करंडक जिंकला. ते जुन्या काळातही सलग ९ वर्षं युरोपचे विजेते होते असं वाचलं.

माझा प्रश्न: ही ५-२-१-० पद्धत घेतली तर गेल्या वर्षीसारखा प्रकार टळेल का? कुणी वापरली आहे का? या वर्षीचं वेळापत्रक पंधरा दिवसांत कळवायचं आहे.

पूर्वा_आम्स्टेलवेन

खडकीचं नाव वाचून थांबले. माझे वडील धनराज पिल्लेंचा खेळ बघायला तिथूनच सायकलने जायचे.

आधी एक दुरुस्ती. ऊलेनहॉर्स्ट दोन आहेत, दोन्ही जर्मनीतले. १९८८ ते १९९६ सलग ९ वेळा जुना युरोपियन क्लब चषक जिंकणारा संघ म्युलहाइमचा. २००७-०८ चा विजेता हॅम्बुर्गचा, ऊलेनहॉर्स्टर हॉकी क्लब. त्यांनी अंतिम सामन्यात रॉटरडॅमला रॉटरडॅममध्येच हरवलं. इथली, नेदरलँड्समधली माणसंही पुष्कळदा गल्लत करतात.

त्या हंगामाबद्दल एवढंच सांगते की तो मुळातच प्रयोगांचा हंगाम होता. सामना चार भागांत, प्रत्येक भाग साडेसतरा मिनिटांचा. फ्री हिट मिळाली की दुसऱ्याला पास न देता स्वतःच चेंडू घेऊन निघायचं, तो सेल्फ पास तिथेच आजमावला गेला आणि २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांत आला. चार भागही पुढे २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांत आले, १५-१५ मिनिटांचे. पण ५-२-१-० मात्र आंतरराष्ट्रीय स्पर्धांनी उचललं नाही. आणि अलीकडे लीगने गटच बाजूला ठेवलेत. ईस्टरला आठ संघ एकत्र येतात आणि थेट बाद फेरी खेळतात. तेव्हा ही पद्धत घेताना याचाही विचार करा.

गुणाकार

सेंटरहाफ, तुमचेच आकडे ५-२-१-० मध्ये घालून बघितले.

लाल ४-१ पिवळा: लाल ५, पिवळा ० (फरक तीनचा).
पिवळा १-० निळा: पिवळा ५, निळा १.
निळा १-० लाल: निळा ६, लाल ६.

पिवळा ५ वर, म्हणजे बाहेरच. उलट आता गोलफरकापर्यंत जायचीही गरज नाही, गुणांवरच बाहेर. लाल संघाला तर एका गोलने हरण्याचा एक गुण बक्षीस मिळाला. तेव्हा तुमच्या दुखण्यावर हे औषध नाही.

हे औषध दुसऱ्या दुखण्यावरचं आहे. सामना बरोबरीत असताना ३-१-० मध्ये पुढे झेपावलं तर दोन गुणांचा फायदा किंवा एकाचा तोटा. ५-२-१-० मध्ये तीन गुणांचा फायदा किंवा एकाचाच तोटा. म्हणून संघ बरोबरीवर समाधान मानत नाहीत. शिवाय ०-३ ने मागे पडलेल्या संघालाही शेवटच्या मिनिटाचा पेनल्टी कॉर्नर जीव तोडून मारावासा वाटतो, कारण त्या एका गोलने एक गुण हाती येतो. मुलांच्या स्पर्धेत हे मला फार मोलाचं वाटतं. त्यासाठी जरूर घ्या.

तुमचं खरं दुखणं सामन्यांच्या क्रमात आहे. शेवटच्या सामन्यात ज्या दोघांना एकच निकाल सोयीचा, तेच दोघे समोरासमोर आले आणि तिसरा कुंपणाबाहेर. पहिला सामना जिंकणाऱ्या संघालाच दुसरा सामना द्या. म्हणजे लाल-पिवळा झाल्यावर लगेच लाल-निळा, आणि शेवटी निळा-पिवळा. लाल दोन्ही जिंकला तर शेवटचा सामना सरळ दुसऱ्या जागेसाठी. समजा निळ्याने लालला १-० हरवलं, तर ३-१-० च्या हिशेबाने निळा ३ गुण, +१, लाल ३ गुण, +२. पिवळ्याला पुढे जायचं तर निळ्याला निदान दोन गोलने हरवावं लागेल (दोनने गोलफरक सारखा होतो, पण केलेले गोल पिवळ्याचे जास्त), आणि तसं झालं तर बाहेर जाईल निळाच. दोघांना मिळून सोयीचा असा निकाल उरतच नाही. ५-२-१-० लावलं तर पिवळ्याला दोन गोलही पुरत नाहीत, निळ्याला एक गुण मिळतो म्हणून. तिथे तीन लागतात.

पहिला सामनाच बरोबरीत सुटला तर ही युक्ती लंगडी पडते. तेव्हा बरोबरीनंतर शूटआउट (एकेका खेळाडूने एकट्याने गोलकीपरला चकवून गोल करायचा) घेऊन क्रम ठरवा.

सेंटरहाफ_खडकी

गुणाकार, तुमचा हिशेब कागदावर दोनदा करून बघितला. बरोबर आहे. मी सहा महिने चुकीच्या जागी शोधत होतो.

दोन अडचणी. पहिला सामना जिंकणाऱ्या संघाला लागोपाठ खेळावं लागेल का? आणि शूटआउट प्रत्येक बरोबरीनंतर घेतला तर वेळ पुरेल का?

गुणाकार

लागोपाठ नाही. चारही गटांचे पहिले सामने आधी, मग दुसरे, मग तिसरे. मध्ये निदान तीन सामन्यांची विश्रांती मिळते. शूटआउटला प्रत्येक खेळाडूला ८ सेकंद, पाच-पाच जण, दहा मिनिटांत उरकतं. तेही फक्त पहिल्या चार सामन्यांत लागेल.

पूर्वा_आम्स्टेलवेन

मी आणखी एक सुचवते. इथे मुलांच्या स्पर्धेत कुणालाच पहिल्या दिवशी घरी पाठवत नाहीत. गटातले चार पहिले एकमेकांत उपांत्य आणि अंतिम खेळतात, चार दुसरे त्यांच्यात, चार तिसरे त्यांच्यात. तुमच्याकडे शनिवारी गटांचे १२ सामने आणि रविवारी ९. एकूण २१, तुमच्या पद्धतीत १९ होत होते. दोन सामने वाढले, पण प्रत्येक मुलाला निदान तीन सामने मिळतात. गेल्या वर्षीचा तो संघ तिसराच राहिला असता, पण रविवारी सकाळी पॅड बांधून मैदानात असता.

सेंटरहाफ_खडकी

हेच करतो. शनिवारी १२ सामने, एकेकाला ४० मिनिटं धरली तर आठ तास. सकाळी साडेसहाला सुरुवात, दुपारी १२ ते ३ सुट्टी, म्हणजे साडेपाचच्या सुमारास संपेल. गुण ५-२-१-०, क्रम गुणाकार यांनी सांगितला तसा.

आता फक्त टर्फवर पाणी मारण्याचा प्रश्न उरला. सुट्टीनंतर पुन्हा पाणी मारायला आम्हाला एकच टँकर मिळतो. कोरड्या टर्फवर पोरांचे गुडघे सोलून निघतात. दुपारच्या सत्रासाठी कमी पाण्यात कुणी काही व्यवस्था केली असेल तर इथेच लिहा, वेगळा धागा काढत नाही.