व्हिडिओ खरा असणं आणि त्यावरून काढलेला अर्थ खरा असणं

उडत्या तबकड्या परग्रहावरून येतात असं मानणारे म्हणतात, पेंटॅगॉननेच, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्यानेच, २०२० मध्ये अनोळखी उडत्या वस्तूंचे नौदलाने टिपलेले तीन व्हिडिओ अधिकृतपणे दिले, मग आणखी काय पुरावा हवा? व्हिडिओ अस्सल आहेत, मान्य. पण त्यातली वस्तू परग्रहावरची, हे त्यातून कुठे सिद्ध होतं?

त्या तिघांपैकी ‘गो फास्ट’ या व्हिडिओचंच घ्या. समुद्रावरून काहीतरी सुसाट जाताना दिसतं. नासाच्या समितीने २०२३ च्या अहवालात त्याच व्हिडिओत पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यांवरून हिशेब केला. वस्तू पाण्यालगत नव्हतीच, सुमारे १३,००० फुटांवर होती, आणि वेग ताशी ४० मैलांच्या आसपास, म्हणजे तिथल्या वाऱ्याइतका. धावत होतं ते कॅमेरा लावलेलं विमान. लोकलच्या खिडकीतून जवळचे खांब मागे पळताना दिसतात, तसंच.

मुंबईत तर रोज संध्याकाळी हे तपासता येतं. घाटकोपरच्या गच्चीवरून पूर्वेकडे बघा. उतरायला येणारी विमानं समोरून येतात, त्यामुळे त्यांचा दिवा बराच वेळ एका जागी टांगल्यासारखा दिसतो. मोबाइलने झूम करा, फोकस सुटतो आणि त्या ठिपक्याची फुगलेली, कडा थरथरणारी तबकडी होते. शूट करणारा खोटारडा नसतो, हे मला मनापासून म्हणायचंय.

२००४ ची, निमिट्झ या अमेरिकी विमानवाहू जहाजाच्या वैमानिकांना अनोळखी वस्तू दिसल्याची घटना मात्र मी इतक्या सहज झटकणार नाही. तिथे त्यांनी ती डोळ्यांनी पाहिलेली आहे, नुसता व्हिडिओ नाही.

कुणाकडे स्वतःचं चित्रण असेल तर व्हॉट्सॲपवर फिरलेली कॉपी नको, मूळ फाइल, वेळ आणि दिशा द्या. वाशीहून दुसऱ्या कुणी तेच टिपलं असेल तर अंतरही काढता येईल.